काम सुटले : हातातली रक्कम आणि हातातला हुनर

कापडाच्या धंद्यात काम सुटणे ही नवी गोष्ट नाही. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मदनपुरा, भायखळ्याच्या वस्त्यांतले मोमीन विणकरही त्यांत होते. तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही आणि हजारो घरांत गिरणीचा पगार पुन्हा आला नाही. विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांकडे वळले. पुढे या मागांनाही नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी आणि मार्च २०२० ची टाळेबंदी असे तीन धक्के बसले. आजकाल तर पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरी करणारी शिकलेली मुलेही एका दिवसाच्या सूचनेवर घरी बसतात.

अशी माणसे सल्ल्यासाठी बाजारात येतात, तेव्हा आम्हा व्यापाऱ्यांना बहुधा दोनच प्रश्न विचारतात. पहिला : "सेठ, कुठेतरी चिकटवून द्या." दुसरा : "थोडे पैसे आले आहेत, कापडाचे दुकान टाकू का?" पहिल्या प्रश्नात आपल्याला काय येते ते सांगितलेले नसते. दुसऱ्यात दुकान किती खाते याचा हिशोब केलेला नसतो. हे दोन्ही हिशोब कसे करावेत, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. काम सुटल्यावर जी रक्कम मिळते ती घाईने भांडवल समजू नये. त्या रकमेने तुम्हाला काही महिने विकत मिळतात. त्या महिन्यांत आपला हुनर योग्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणे, हेच त्या पैशाचे पहिले काम.

दुकानाचा हिशोब

समजा, एका कारीगराला सगळे मिळून ३,००,००० रुपये मिळाले. त्याने गल्लीत कपड्याचे दुकान घेतले. डिपॉझिट १,००,०००, फर्निचर, बोर्ड व दिवे ६०,०००, उरलेल्या १,४०,००० चा माल. दरमहा भाडे ८,०००, वीज व किरकोळ १,५००, आणि घरखर्च १८,०००. म्हणजे दुकानातून महिन्याला २७,५०० निघाले पाहिजेत.

आता विक्री पाहू. शंभराचा माल सव्वाशेला विकला आणि सगळा माल वर्षातून चार वेळा फिरला, तर नव्या दुकानासाठी ते चांगलेच म्हणावे लागेल. अशा वेळी ५,६०,००० चा माल ७,००,००० ला जाईल आणि नफा १,४०,००० होईल. महिन्याला पडले साधारण ११,७००. गरज २७,५०० ची. तूट १५,८०० ची. ही तूट मालातूनच खाल्ली जाते, कारण गल्ल्यात आलेला पैसा विक्रीचा असतो आणि तो नफाच आहे असे वाटते. नवव्या महिन्यात फळ्या रिकाम्या होतात. माल कमी होत गेला की विक्रीही घटते, म्हणून प्रत्यक्षात हे त्याहून आधीच होते. मग उधारी, मग दागिने, आणि शेवटी तीच नोकरी, पण आता कर्जासह.

धंदा करू नये असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः धंद्यावरच जगतो. पण ज्याच्या दुकानावर पहिल्या महिन्यापासून घर चालायचे आहे, त्याच्यासाठी ही रक्कम अपुरी आहे आणि घाई घातक आहे.

एक चादर, एक प्याला

या बाबतीत आमच्यापुढे एक जुना धडा आहे. अबू दाऊद व इब्न माजा यांच्या हदीस-संग्रहांत तो आला आहे आणि पुष्कळांनी तो खुत्ब्यात ऐकलेला असेल. अन्सारांपैकी एक गरजू माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आला. प्रेषितांनी विचारले, घरात काहीच नाही काय? तो म्हणाला, एक जाड वस्त्र आहे, थोडे अंगावर घेतो, थोडे अंथरतो, आणि पाणी प्यायचा एक प्याला आहे. ते दोन्ही मागवून प्रेषितांनी लोकांत बोली लावली. एकाने एक दिरहम सांगितला. कोणी जास्त देतो का, असे दोन-तीनदा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिरहम दिले. त्यांतल्या एका दिरहमाचे घरात अन्न नेण्यास सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि सांगितले, लाकडे तोडून वीक, पंधरा दिवस मला दिसू नकोस. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम कमावून आला.

आम्ही कोणी आलिम नाही, त्याचा धार्मिक अर्थ उलेमांनी सांगावा. धंद्याच्या नजरेने पाहिले तर त्यात पाच पायऱ्या दिसतात : घरात काय आहे ते मोजणे, उघड बोली, आधी घर, मग अवजार, आणि ठरलेली मुदत. काम सुटलेल्या माणसाला याच पाच पायऱ्या क्रमाने चढायच्या आहेत.

पहिली पायरी : काय आहे ते मोजा

पहिल्या आठवड्यात तीन याद्या करा : येणे, कागद आणि हुनर.

येणे. आधी आपले काय झाले आहे ते नीट समजून घ्या. कायद्यात 'ले-ऑफ' म्हणजे काम तात्पुरते थांबणे. त्यात नाव हजेरीपटावर राहते आणि पन्नास वा अधिक कामगारांच्या कारखान्यात अटी पूर्ण असल्यास मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. कायमचे कमी करणे ही 'कपात' होय. बोलताना लोक दोन्हीला ले-ऑफच म्हणतात, म्हणून कागदावर कोणता शब्द आहे ते पाहावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांत सामावले गेले. कपातीचा मूळ नियम मात्र जुनाच राहिला आहे. सलग एक वर्ष, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याबदली पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई मिळाली पाहिजे. शिवाय मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम नव्या हुनराच्या निधीत भरायची आहे. कपातीपासून ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवी. कामावरून काढल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. मालकाने वर्षभरात पुन्हा भरती काढली, तर कमी केलेल्या जुन्या कामगारांना आधी संधी द्यायची असते.

देखरेखीच्या हुद्द्यावर असून १८,००० पेक्षा जास्त पगार असेल तर कपातीची ही तरतूद लागू होत नाही. अशा माणसाने आपले नेमणूकपत्र काढून नोटिशीची अट वाचावी.

ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर ती मिळते. हिशोब सोपा आहे : शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,६०० असेल, तर २६ ने भागून रोज ६००, पंधरा दिवसांचे ९,०००, आणि नऊ वर्षांचे ८१,०००. ही रक्कम कपातीच्या भरपाईत धरून टाकू नये. दोन्ही येणी स्वतंत्र आहेत. मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही नोकरीच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

येथे एक सावधगिरी. पुष्कळ ठिकाणी माणसाला काढायचे असते, पण कागद राजीनाम्याचा पुढे केला जातो. "सही करा, उद्याच चेक देतो," असे म्हणतात. राजीनामा दिला की कपातीची भरपाई मागण्याचा पाया जातो. म्हणून काढले जात असेल तर राजीनाम्यावर सही करू नये. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. रक्कम कमी वाटली तरी घ्यावी, मात्र पावतीवर "हरकत राखून स्वीकारली" असे लिहून सही करावी आणि त्या पावतीची प्रत मागून घ्यावी. पुढे कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करायची झाल्यास तीच प्रत कामी येते.

मागावर थानाच्या वा मीटरच्या हिशोबाने काम करणाऱ्या कारीगराकडे बहुधा नेमणूकपत्र नसते. त्याने मजुरीच्या चिठ्ठ्या, बँकेतल्या नोंदी, मोबाईलवरून आलेल्या पैशांचा तपशील, ईएसआयचे कार्ड, जे असेल ते एका पिशवीत जमा करावे. पुरावा छोटा असला तरी कामाचा असतो.

कागद. अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचा यूएएन क्रमांक. पीएफच्या खात्याला आपला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे का आणि नोकरी सोडल्याची तारीख बरोबर नोंदली आहे का, हे मालकाशी संबंध गोड असतानाच पाहून घ्यावे. पीएफ काढण्याची घाई नको. त्यातच पेन्शनचा हिस्सा असतो. दहा वर्षांची नोकरी भरली तर ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क मिळतो. नऊ वर्षे भरलेल्याने तो हिस्सा काढून टाकला, तर एका वर्षासाठी जन्मभराची पेन्शन जाते. नवी नोकरी लागल्यावर खाते तिकडे वळते करावे, म्हणजे मागची वर्षे पुढच्या वर्षांत मिळतात.

हुनर. ही यादी करताना आमची माणसे सर्वांत जास्त अडखळतात. कारीगर म्हणतो, "मला फक्त माग चालवता येतो." थोडे थांबून त्याला विचारा. तुटलेला धागा सांधता येतो का? रीड-पिक मोजता येते का? कापड हातात घेऊन दोष कोठून आला हे सांगता येते का? तो म्हणतो, हे तर सगळ्यांनाच येते. मुळीच नाही. कापड तपासणारा माणूस फोल्डिंगवाल्याला लागतो, तयार कपड्यांच्या कारखान्याला लागतो, बाहेरगावी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला लागतो. जॉबर असेल तर त्याला मोटार, पट्टे, गिअर यांची दुरुस्ती येते. अशी माणसे कुठल्याही कारखान्यात लागतात. मेहताजीला वही, जीएसटीचे बिल, वसुली आणि ट्रान्सपोर्टची भाषा येते. भिवंडीच्या गोदामांना हीच भाषा हवी असते. कॉल सेंटरमधून आलेल्या मुलाला चिडलेल्या गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलता येते. हा गुण आमच्या बाजारात सोन्याच्या भावाचा आहे.

यादीत दहा ओळी होईपर्यंत उठू नये. प्रत्येक ओळीत एक काम लिहावे, हुद्दा लिहू नये. हुद्दा त्या मालकाकडे राहिला, काम तुमच्याबरोबर आले आहे.

दुसरी पायरी : उघड बोली

काम सुटले की माणूस लाजेने घरात बसतो. शेजाऱ्याला सांगतो, सुट्टी घेतली आहे. मशिदीतही मागच्या सफमध्ये उभा राहून लवकर निघून जातो. पण माल गोदामात लपवून ठेवला तर गिऱ्हाईक कोठून येणार? त्या दोन वस्तूंची बोली भर लोकांत लागली, म्हणूनच एका दिरहमाचे दोन झाले.

म्हणून चाळीस नावांची यादी करावी. केवळ नातेवाईक नकोत. जुन्या कामावर येणारा सूतवाला, ट्रान्सपोर्टचा माणूस, मशीन दुरुस्त करणारा, बिले तपासणारा, आपल्याआधी तेथून सोडून गेलेले सोबती, यांची नावे लिहावीत. नातेवाईक हळहळतात, पण कोठे जागा निघाली आहे ते बहुधा या दुसऱ्या लोकांना ठाऊक असते. कारण ते रोज दहा कारखान्यांत जातात.

त्यांच्याकडे जाऊन "कुठेही, कोणतेही काम चालेल" असे म्हणू नये. आमच्या दुकानात जो गिऱ्हाईक "काहीही दाखवा" म्हणतो, तो बहुधा काहीच न घेता जातो. असे म्हणावे : "भाईसाहब, मी नऊ वर्षे मागावर होतो, कापड तपासण्याचे काम चांगले येते. तुमच्या ओळखीत कोणाकडे तपासणीचा माणूस लागतो का? नसेल तर आणखी कोणाला विचारू, तेवढे सांगा." यात भीक नाही, माहिती मागितलेली आहे. माहिती द्यायला कोणी नकार देत नाही, आणि प्रत्येक भेटीतून दोन नवी नावे निघतात.

सरकारी दारेही ठोठवावीत. केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा आणि महाराष्ट्राचे महास्वयंम या दोन्हींवर नाव नोंदता येते. घरातल्या शिकलेल्या मुलाने वा मुलीने वडिलांसाठी हे काम अर्ध्या तासात करून द्यावे.

अर्ज एका पानाचा असावा. वर नाव व फोन, खाली काय काम येते, त्याखाली कोठे किती वर्षे काम केले. मुलाखतीत "का सोडले?" असे विचारतातच. खरे व थोडक्यात सांगावे : "ऑर्डरी कमी झाल्या, चाळीस माणसे कमी केली, त्यांत मी होतो." जुन्या मालकाची निंदा करू नये. ऐकणारा मनात म्हणतो, उद्या हा माझीही करील. पगाराचा भाव तीन ठिकाणी विचारून ठेवावा, म्हणजे समोरून आलेली रक्कम कमी की रास्त हे कळते.

नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. खरा मालक पगार देतो, डिपॉझिट घेत नाही. आखाती देशात जायचे असेल तर एजंटाची १९८३ च्या इमिग्रेशन कायद्याखालची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहून घ्यावी. या कायद्याच्या नियमांप्रमाणे एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. "आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे काम होईल," असे म्हणणाऱ्याला सलाम करून परत यावे.

तिसरी पायरी : आधी घर

तीन लाखांचा जो हिशोब आम्ही वर मांडला तोच आता वेगळ्या रीतीने मांडू. घरखर्च १८,०००, सहा महिन्यांचे १,०८,०००. आजारपण व तातडीचे देणे यांसाठी ५०,०००. अवजार व शिक्षण ३०,०००. उरले १,१२,०००, ते वेगळ्या खात्यात ठेवावेत, ज्याचे एटीएम कार्ड खिशात राहणार नाही. हदीसमध्ये निम्मे-निम्मे झाले. तुमचे प्रमाण वेगळे असेल, पण क्रम तोच ठेवावा.

घरच्या बाईला पहिल्याच दिवशी सगळे खरे सांगावे. नवरा लपवतो आणि ती नेहमीसारखा खर्च करते, मग दोष तिला लागतो. तांदूळ, तेल, दूध यांचे भाव तिला तुमच्याहून चांगले ठाऊक असतात. काय कमी करायचे हे तिला ठरवू द्यावे. एक खर्च मात्र कापू नये, तो मुलांच्या शाळेचा. त्या आठ-दहा हजारांसाठी मुलगा मागावर बसला की तो परत वर्गात जात नाही, हे आपल्या शहरांनी पुष्कळ पाहिले आहे.

ज्याचे देणे आहे त्याच्याकडे हप्ता चुकण्याच्या आधी जावे आणि मुदत मागावी. चुकल्यानंतर गेलात तर तोंड लपवावे लागते. अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची शिकवण कुरआनात आहे, हे देणाऱ्यानेही लक्षात ठेवावे. आणि या रकमेतून नात्यात उसने देऊ नये. "सध्या ही घराची अमानत आहे," एवढे उत्तर पुरे.

ईएसआयचे विमाधारक असाल तर शाखा कार्यालयात 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने'ची चौकशी करावी. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत पात्र माणसाला सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आज ती चालू आहे का हे आधी विचारावे.

चौथी पायरी : मग अवजार

त्या माणसाने कुऱ्हाडच घेतली, लाकडाची वखार काढली नाही. अवजार छोटे, आपल्या हाताला शोभणारे आणि थोड्या दिवसांत पैसे परत देणारे असावे.

साध्या मागावरच्या कारीगराने रेपिअर वा एअरजेट माग शिकावा. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे पॉवरलूम सर्व्हिस सेंटर आहेत, तेथे प्रशिक्षणाची चौकशी करावी. मेहताजीने संगणकावर टॅली व जीएसटीचे काम शिकावे. वही लिहिता येणाऱ्याला ते जड जात नाही. गोदामात जायचे असेल तर फोर्कलिफ्ट चालवणे शिकावे. शिवण येत असेल तर ओव्हरलॉक मशीन घ्यावे.

शिंपी, लोहार, सुतार, गवंडी, न्हावी, चर्मकार अशा अठरा परंपरागत धंद्यांसाठी सप्टेंबर २०२३ पासून 'पीएम विश्वकर्मा' योजना आहे. तिच्यात प्रशिक्षणाच्या काळात रोजचा भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. मागावरचे विणकाम या अठरांत नाही. योजनेतले कर्ज व्याजाचे आहे. ज्याला ते नको, त्याने केवळ प्रशिक्षण व अवजारे घ्यावीत. बिनव्याजी रकमेसाठी आपल्या शहरातल्या बैतुलमाल वा बिनव्याजी सोसायटीत विचारावे.

आणि ज्याला धंदाच करायचा आहे, त्याने दुकानाआधी विक्री शिकावी. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून जांगड माल घ्यावा. जांगड म्हणजे विकला तर पैसे, उरला तर माल परत. कटपीस, ड्रेस मटेरिअल, चादरी घेऊन तीन महिने आठवडे बाजारात बसावे, घरोघर जावे. कोणता माल उठतो, कोण उधारी बुडवतो, हातात खरोखर किती उरते, हे डिपॉझिट न भरता कळते. तीन महिन्यांच्या वहीत घरखर्च निघालेला दिसला, तरच दुकानाचे भाडे विचारायला जावे.

येथे आम्हा व्यापाऱ्यांचेही एक कर्तव्य निघते. कुऱ्हाडीचा दांडा प्रेषितांनी स्वतः बसवला. काम सुटलेला माणूस आपल्या गादीवर आला की चहा पाजून, पाचशेची नोट देऊन आपण मोकळे होतो. त्याऐवजी त्याला पंधरा दिवस फोल्डिंगवर बसवून पाहा, त्याची मजुरी संध्याकाळच्या आत द्या. काम चांगले केले तर चार ओळींची चिठ्ठी लिहून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे पाठवा. जांगडवर पाच हजारांचा माल द्या. यात आपले फार जात नाही. त्याला मात्र बाजारात नाव मिळते.

पाचवी पायरी : पंधरा दिवसांची वही

फजरनंतर पुन्हा झोपू नये आणि कामावर जायच्या वेळेलाच घराबाहेर पडावे. रोज तीन माणसांना भेटावे आणि रात्री वहीत लिहावे : कोणाला भेटलो, काय म्हणाला, पुन्हा कधी जायचे. दर पंधरा दिवसांनी वही उघडून पाहावी. कोणी मुलाखतीलाच बोलावले नसेल, तर मागण्याची रीत किंवा जागा चुकते आहे. दुसरा बाजार पाहावा, यादीतली दुसरी ओळ पुढे करावी. मुलाखती होतात पण काम मिळत नाही, असे असेल तर भाव जास्त सांगितला जातो आहे किंवा तयारी कमी पडते आहे. ज्याने नाकारले त्यालाच अदबीने विचारावे, काय कमी पडले?

तीन महिने उलटले तर कमी पगाराचे काम घ्यायला लाजू नये. मात्र दोन कामांतून निवडायचे झाल्यास जेथे काही शिकायला मिळेल आणि पीएफ कापला जाईल, ते घ्यावे. नेमणूकपत्र मागून घ्यावे. नव्या संहितांप्रमाणे ते देणे मालकावर बंधनकारक आहे. पुढच्या वेळी पिशवीत कागद शोधत बसावे लागणार नाही.

रिज्क देणारा अल्लाह आहे, हा आपला ईमान आहे. त्याच ईमानाच्या माणसाला पंधरा दिवस लाकडे तोडायला पाठवले गेले होते. तो दहा दिरहम घेऊन परतला तेव्हा त्यांतल्या काहींचे त्याने धान्य घेतले आणि काहींचे कापड. अंगावरचे वस्त्र विकून ज्याने सुरुवात केली, त्याच्या घरात पंधरा दिवसांत नवे वस्त्र आले. अल्लाह आपल्या प्रत्येक रिकाम्या हाताला असेच हलाल काम देवो. आमीन.